लिंबाजीची शेवटची दवंडी

बोरदऱ्याच्या गायरानातली मोठी चिंच तेव्हा हातभर रोप होती, इतकी ही जुनी गोष्ट. गावात लिंबाजी नावाचा दवंडीवाला राहत होता. हलगी वाजवायची आणि सरकारचा हुकूम गावाला ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. त्याचा आवाज असा, की तो घरात बायकोकडे भाकरी मागायचा आणि शेजारीण ताट वाढायला घ्यायची, असं म्हणतात. त्याला हळू बोलताच येत नसे, म्हणून गुपित त्याला कुणी सांगत नसे. जीव मात्र सगळे लावायचे.

गायरान कुणा एकाचं नव्हतं. ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही, त्याची शेळीसुद्धा तिथे पोट भरायची. त्या मुलखाच्या कारभाऱ्याने ते गायरान एका व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. पण गावची जमीन विकायची तर आधी दवंडी द्यायची, आणि दिवस मावळेपर्यंत कुणाची हरकत आली नाही तरच सौदा पक्का, असा कायदा होता. म्हणून कारभाऱ्याने जत्रेचा दिवस निवडला. त्या दिवशी सगळं गाव डोंगरापलीकडे देवीला गेलेलं असायचं.

त्याने लिंबाजीला बोलावलं. म्हणाला, "गायरानात जा आणि विक्रीची दवंडी दे. गावात फिरू नकोस."

"पण साहेब, ऐकणार कोण? गावात माणूस नाही."

"ऐकण्याचं तू बघू नकोस. तुझं काम ओरडायचं."

लिंबाजी गायरानात गेला. समोर नुसतं गवत. नाही म्हटलं, तर कारभारी दुसऱ्या कुणाला तरी उभं करणार आणि तो पुटपुटून मोकळा होणार, हे त्याला कळत होतं. त्याने डोंगराकडे तोंड केलं, हलगीवर टिपरी मारली आणि हाक घातली, "ऐका हो ऐका! गायरान विकायला काढलंय हो!"

डोंगर गप्प राहिला. लिंबाजी पुन्हा ओरडला. ऊन चढलं, हलगीचं चामडं फाटलं, तरी तो ओरडत राहिला. शेवटच्या हाकेला डोंगर थरारला, आणि ती हाक दगडातून आरपार गेली, असं म्हणतात. पलीकडे देवीपुढचे ढोल आपोआप थांबले. लिंबाजीची बायको ठकू खण-नारळ घेऊन रांगेत उभी होती. ती म्हणाली, "हा तर आमच्या घरातला आवाज."

सगळं गाव डोंगर ओलांडून पळत आलं. दिवस मावळायच्या आत माणसांनी गायरान भरून गेलं.

सौदा पक्का करायला कारभाऱ्याबरोबर आलेला व्यापारी चक्रावला. "मला तर सांगितलं होतं, गावाची संमती आहे."

"आम्हाला विचारलंच कुणी?" ठकू म्हणाली. "आमची हरकत आहे."

व्यापाऱ्याने कारभाऱ्याकडे पाहिलं. मग त्याने गाडी वळवली आणि सौदा मोडला.

लिंबाजी गवतात बसला होता. ठकूने विचारलं, "पाणी देऊ?" त्याने ओठ हलवले, पण आवाज आला नाही. गावाने ज्येष्ठमध आणला, हळदीचं दूध आणलं. आवाज परतला तो कुजबुजीएवढाच. पण पुढे लिंबाजीला काही सांगायचं असलं, की बाया जातं थांबवायच्या आणि माणसं त्याच्याभोवती वाकून बसायची. त्याची कुजबुज ऐकताना झाडावरची पाखरंही गप्प राहायची, असं म्हणतात.

बोरदऱ्यात आजही जमिनीचा विषय निघाला, की ग्रामसभा गायरानात उघड्यावर बसते. कागद अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचतात. मग सर्वांत मागे बसलेल्या माणसाला विचारतात, "लिंबाजी, पोचलं का?" तिथे बाई असो, म्हातारा असो, त्या वेळी त्याचं नाव लिंबाजीच. त्याने हात वर केल्याशिवाय सभा पुढे सरकत नाही.

मागे एक अधिकारी जमिनीचा कागद घेऊन आले होते. म्हणाले, "सगळं संगणकावर टाकलंय, तिथे बघून घ्या." लोकांनी त्यांना चहा दिला, बसायला घोंगडी दिली आणि कागद वाचायला लावला. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या धनगराच्या म्हातारीला विचारलं, "लिंबाजी, पोचलं का?"

म्हातारी म्हणाली, "नाही बाबा. पुन्हा वाच."

साहेब पाणी प्यायले, आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.