दिवेलागणीला मिटणाऱ्या पापण्या

फार फार वर्षांमागची गोष्ट. खडकाळी गावात पुतळाक्का नावाची वैदीण राहायची. छातीच्या हाडामागं वाढलेली गाठ ती नुसता कान लावून ओळखायची, असं म्हणतात.

गाठी वरून सारख्याच, पण प्रत्येकीची खोड निराळी, असं ती सांगायची. घोटाबरोबर वर सरकते ती गळ्यातून उतरलेली. अंथरूण घामानं भिजवते आणि मानेत, काखेत अवधाणाच्या गुठळ्या उठवते ती दुसरी. एखादी तर जन्मासोबतच आलेली, आपल्या पोटात केस आणि दात दडवून निजलेली! आणि एक मात्र फार लबाड.

त्या लबाड गाठीनंच कोंडाईच्या सुनेला, येसूला, गाठलं होतं. सकाळी येसू झपाट्यानं दळण उरकायची. दिवस कलला की तिच्या पापण्या गळायच्या, भाकरीचा घास चावता चावता तोंडातच राहायचा.

"सकाळी वाघीण आन् सांजंला मेलेली शेळी! सोंगं करतीया," म्हणत कोंडाईनं तिला कायमची माहेरी धाडायला गाडी जुंपली. येसूचे आईबाप कधीच गेले होते. तिकडं दार उघडणारं कुणी नव्हतं. ती गाडीत बसून रडत होती.

पुतळाक्का गाडीला आडवी आली. "येसू, आभाळाकडं बघ, बाळा. पापणी पाडू नगंस."

येसूनं खूप जोर लावला, तरी पापण्या हळूहळू खाली आल्याच. मग पुतळाक्कानं आडाच्या गार पाण्यात पदर भिजवून तिच्या डोळ्यांवर धरला. पदर काढला, तर डोळे टक्क उघडे! मग तिनं येसूच्या छातीला कान लावला.

"कोंडे, सोंग पाण्यानं उतरतं व्हय? हिच्या हाडामागं गाठ हाय. तीच हिचं बळ पिती."

कोंडाईनं गाडीचे बैल सोडले. तिनं सुनेला कवेत घेऊन गाडीतून उतरवलं. "आक्का, माझं काय बी घे, पर माझ्या पोरीला वाचीव."

पुतळाक्कानं येसूला छातीशी घट्ट धरलं. सूर्य बुडेपर्यंत सोडलं नाही, असं म्हणतात. सोडलं तेव्हा येसूनं अख्खी भाकरी चावून खाल्ली, आणि पुतळाक्काच्या पापण्या मिटल्या त्या जन्मभर उघडल्या नाहीत; येसूचं दुखणं तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं. येसूनं तिला शेवटपर्यंत आईसारखं सांभाळलं. म्हातारी हसून म्हणायची, "कानाला कुठं डोळं लागत्यात?"

खडकाळीत अजूनही रात्रीच्या भाकरी सासवाच थापतात. सून उठू लागली, तर तिला हाताला धरून बसवतात आणि म्हणतात, "बस बाई, पुतळाक्काची आण हाय."