मातीचा वाटा

खूप जुन्या काळी, आपल्या पणजीच्या पणजीनेही नुसत्या ऐकलेल्या काळी, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाची जमीन काळीभोर होती आणि गावाची एक रीत होती. ज्वारीची कापणी झाली, की पाडव्याच्या आत प्रत्येकाने आपलं रान स्वच्छ करायचं. मुळांसकट उरलेली धसकटं खणून काढायची, पाचोळा गोळा करायचा आणि सगळं पेटवून द्यायचं. जिचं रान सर्वांत स्वच्छ, तिची ओटी अख्ख्या गावासमोर भरली जाई.

त्या गावात एक सून होती. मोठी कष्टाळू. तिचं रान अंगणासारखं लख्ख असे. सलग सात वर्षं मानाची ओटी तिचीच भरली.

तिची म्हातारी सासू मात्र बांधावर बसून हळहळायची. "सूनबाई, दाणे आपण खाल्ले, कडबा गुरांनी खाल्ला. धसकटं तरी मातीला राहू दे. तिला पोट नाही का?"

"आत्याबाई, तुमचं आपलं काहीतरीच!" सून हसायची. "मातीला कधी कुणी जेवायला वाढलंय का? आणि असं पारोसं रान ठेवलं, तर बायका मला नावं ठेवतील."

"बायका एक दिवस बघून जातील गं. माती वर्षभर उपाशी राहील."

सून पाचोळ्याला चूड लावायची. म्हातारी धुराकडे पाठ करून बसायची.

अशी वर्षं गेली. माती विटेसारखी टणक झाली. पाऊस पडे, पण पाणी मुरत नसे. कणसं आधी आखूड झाली, मग पोचट. एका सकाळी सून धसकटं खणत होती, तेव्हा एक वाळकुडं गांडूळ बांधाकडे सरपटताना दिसलं.

"कुठे निघालास रे?"

"पोटामागे," ते म्हणालं. "आमची भाकरी तू दरवर्षी जाळतेस, बाई. बाकीचे कधीच गेले. मीच तेवढा राहिलो होतो."

सुनेच्या हातातली कुदळ थांबली.

त्यातच सासूने अंथरूण धरलं. म्हणाली, "पोरी, एकच मागणं आहे. आपल्या रानातल्या ज्वारीची कोरभर भाकरी दे."

सुनेने सगळी रास पाखडली. सुपात नुसतं फोल उरलं. शेवटी तिने माहेराहून दाणे आणले, दळले, भाकरी भाजली.

म्हातारीने घास बराच वेळ चघळला. "गोड आहे गं," ती म्हणाली, "पण ही आपली नाही." आणि उरलेला तुकडा तिने हळूच ताटाच्या कडेला ठेवला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढच्या पाडव्याला सुनेने रान पेटवलं नाही. धसकटं नांगराने मातीत गाडली, वर पाचोळा पसरला. बायका फिदीफिदी हसल्या. "सात ओट्या घेतल्या हिने, आता शेतात केर टाकते!" ती पाचोळा पसरत राहिली.

पहिल्या वर्षी माती रुसलेलीच होती. दुसऱ्या वर्षीही. पाचव्या वर्षी नांगराचा फाळ लोण्यात जावा तसा गेला आणि कणसं भरली.

तिने नवी ज्वारी दळली. तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, बघा, आपली!"

ओ द्यायला घरात कुणी नव्हतं.

बाळांनो, बायांनो, मातीचा वाटा मातीला वेळेत द्यावा; उशीर केला तरी माती माफ करते, पण तोवर माणसं थांबत नाहीत.