सोळाची एक की आठाच्या दोन?

“सोळा म्हणजे सोळाच ना, बुवा? मग आठ-आठचे दोन तुकडे कशाला?”

मठाच्या लॅपटॉपमध्ये मेमरीसाठी दोन खाचा होत्या. श्रीरंगने आठ-आठ जीबीच्या दोन्ही पट्ट्या उपसून सोळाची एकच ठोकली. दुसरी खाच रिकामी, म्हणजे माहितीची ये-जा दोनऐवजी एकाच वाटेने. तेव्हापासून उत्सवाचा व्हिडिओ अडखळत होता. कीर्तनकारांचा हात वर गेला की वरच!

श्रीरंग इंजिनिअर. दीडशहाणा, पण मनाचा वाईट नव्हे हो.

मठाचे प्रमुख तुळाजीबुवा पडद्याकडे बघत राहिले. “अडकतंय की रे.”

“सुटेल आपोआप. एक ना धड भाराभर चिंध्या, हे मला खपत नाही. आपल्या कचेरीचंही तेच. मी एकटा दोघांचं काम करतो. भानुदासला घरी पाठवा.”

भानुदास दारातच उभा होता. बारा वर्षं मठात काढलेला गुरुबंधू. बिचारा पिशवी भरायला गेला.

बुवांनी दाढी खाजवली…

“बरं. आज पंगतीत आमटी तू एकटाच वाढ. दोन बादल्यांची एका पातेल्यात ओत. आमटी तेवढीच.”

“हात्तिच्या! एवढंच ना?”

साठ पानं, समोरासमोर दोन ओळी. श्रीरंगच्या हातात जडशीळ पातेलं आणि एकच ओगराळं. या ओळीला वाढावं तर त्या ओळीचा भात कोरडा. तिकडे धावावं तर इकडून “आमटी! आमटी!” एका आजोबांनी वाट बघून बघून भात लोणच्याशीच संपवला. ओगराळंभर आमटी श्रीरंगच्या धोतरावर.

पातेलं भरलेलं आणि पंगत उपाशी! श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पातेलं तिथंच टेकवून तो धावला आणि वेशीपाशी पोचलेल्या भानुदासला हाताला धरून घेऊन आला.

दोघांनी दोन बादल्या घेतल्या, एकेक ओळ धरली. बघता बघता पंगत ढेकर देऊ लागली.

श्रीरंगने धापा टाकत बुवांचे पाय धरले. “चुकलो, बुवा. पुन्हा दोन पट्ट्या बसवतो. भानुदासही कचेरीतच राहू दे…”

“राहू दे.”

“…माझ्या हाताखाली.”

बुवांनी पाय सोडवून घेतले.

“पट्ट्या बसव. मग मला येऊन सांग, दोघींत थोरली कोणती.”