उंच घड्याळ आणि बुटकं घर

साता समुद्रापलीकडे इंग्लंड नावाचा देश आहे. तिथल्या एका डोंगराळ गावात फार पूर्वी अम्ब्रोझ नावाचा एक घड्याळजी राहत होता. तो भिंतीवर टांगायची घड्याळं करत नसे. त्याची घड्याळं जमिनीवर उभी राहायची, चांगली माणसापेक्षा उंच. लाकडाच्या लांब पेटीत पितळी लंबक झुलायचा, दोरीला टांगलेली वजनं हळूहळू खाली उतरायची, आणि वर तबकडीवर काटे फिरायचे. ज्याच्या घरी अम्ब्रोझचं घड्याळ, त्याची गावात मान ताठ.

अम्ब्रोझची बायको लवकर गेली. घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक, हेस्टर. ती त्याच्या दुकानातल्या भुशात खेळतच मोठी झाली. बापाला वाटे, ही शहरातल्या एखाद्या मोठ्या घरात जाईल. पण हेस्टरचं मन बसलं नेडवर. नेड डोंगरावरचा मेंढपाळ. कष्टाळू, कमी बोलणारा, आणि हेस्टरवर जीव टाकणारा.

अम्ब्रोझने लग्नाला नकार दिला नाही. पण आत कुठेतरी सलत राहिलं. तेव्हा त्याने ठरवलं, लेकीला असं घड्याळ द्यायचं की नेडच्या झोपडीत पाऊल ठेवणाऱ्याला कळलं पाहिजे, ही कुणाची मुलगी आहे!

तो कामाला लागला. अक्रोडाचं लाकूड आणलं. तबकडीवर चंद्र रंगवला, रोज थोडा थोडा सरकणारा. पेटीखाली नक्षीदार पाय बसवले. आणि सगळ्यात वर, माथ्यावर, एक कोरीव मुकुट चढवला. वेली, पानं आणि टोकांना चकचकीत पितळी गोळे.

हेस्टर एकदा म्हणाली, “बाबा, नेडच्या घराचं छप्पर बुटकं आहे हो.”

“तू घड्याळ बघ,” अम्ब्रोझ मान वर न करता म्हणाला. “छपराचं मग बघू.”

लग्न झालं. पेंढ्यात गुंडाळलेलं घड्याळ बैलगाडीतून डोंगर चढलं. शेजारपाजारचे बघायला जमले. चौघांनी ते आडवं करून दारातून आत नेलं, कोपऱ्यात उभं करायला गेले, आणि मुकुट खाडकन तुळईवर आपटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिरकं ठेवावं तर लंबक झुलेना.

कुणीतरी दाराशी खुदकन हसलं. अम्ब्रोझचे कान लाल झाले.

“हे घर या घड्याळाजोगं नाही,” तो नेडकडे बघून म्हणाला. “खाली गावात माझ्या शेजारी जागा आहे. तिथे राहायला या.”

हेस्टर म्हणाली, “बाबा, मेंढ्या इथे चरतात. आम्ही खाली येऊन काय करू?”

“मग घड्याळ परत नेतो.”

हेस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा नेड पुढे झाला. “परत नका नेऊ, बाबा. तिच्यासाठी केलंत तुम्ही. मी काहीतरी करतो.”

अम्ब्रोझ तसाच डोंगर उतरून गेला. त्या घरात त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही.

काही दिवसांनी गावच्या जमीनदाराचा निरोप आला. “ऐकलं की तुमचं ते घड्याळ पडून आहे. आमच्या दिवाणखान्याचं छत चांगलं उंच आहे. तिथे शोभेल.” अम्ब्रोझला वाटलं, खरंच आहे. तिथे चार मोठी माणसं बघतील, नाव निघेल. लेकीला दुसरं, लहानसं देऊ. त्याने गाडी जुंपली आणि निघाला.

झोपडीचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि अम्ब्रोझ जागीच थांबला.

कोपऱ्यातली जमीन खणलेली होती. त्या खड्ड्यात नेड गुडघाभर चिखलात उभा राहून बादलीने पाणी उपसत होता. हाताला फडकी बांधलेली, त्यावर रक्ताचे डाग. हेस्टर काठावर बसून दगड देत होती. आणि घड्याळ? घड्याळ पलंगावर होतं. त्या घरातला एकुलता एक पलंग, त्यावर दोन्ही घोंगड्या गुंडाळून त्याला निजवलं होतं. जमिनीवर पेंढा पसरलेला होता. नवरा-बायको त्यावर झोपत होते, हे सांगायला कुणी लागलं नाही.

नेड ओशाळला. “बाबा, थोडं खोल गेलं की घड्याळ मावेल असं वाटलं. पण खाली झरा लागला. उपसलं की पुन्हा भरतंय. दगड नीट बसले की थांबेल बहुतेक.”

“छप्पर उचलायचं नाही का?”

“बघितलं. पण सगळं घर त्या तुळईवर आहे. ती हलवली तर भिंती येतील खाली.”

अम्ब्रोझने पलंगावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, “आणि घड्याळच कापावं, असं नाही आलं मनात?”

नेडने मान हलवली. “तुमच्या हातचं काम आहे ते. मी त्याला करवत कशी लावू?”

अम्ब्रोझ पलंगाच्या कडेवर टेकला. त्याने घोंगडी बाजूला केली आणि मुकुटावरून बोट फिरवलं. किती मन लावून कोरला होता! पण या मुकुटाने काटे फिरत नव्हते, की ठोके पडत नव्हते. मग तो कोरला कुणासाठी? लेकीने तर आधीच सांगितलं होतं छप्पर बुटकं आहे म्हणून. त्याला ते ऐकूही आलं होतं.

“नेड,” तो म्हणाला, “करवत आण.”

“बाबा, नको!” हेस्टर उठलीच.

“आण म्हणतो ना. आणि हेस्टर, तू इकडून घट्ट धर, हलू देऊ नकोस.”

नेडची करवत सरपणाची, जाड दात्यांची. अम्ब्रोझने ती मुकुटाच्या मुळाशी ठेवली. पहिल्यांदा करवत ओढताना त्याने डोळे मिटून घेतले. मग मात्र हात थांबला नाही. वेली, पानं, पितळी गोळे, सगळं एका बाजूला निखळून पडलं. खालचे नक्षीदार पायही त्याने उतरवले आणि कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या.

मग तिघांनी मिळून तो खड्डा बुजवला. अम्ब्रोझने स्वतः फावडं घेतलं. वर फरशी बसवली, घड्याळ उभं केलं. माथा आणि तुळई यांच्यात बोटभर जागा उरली. अम्ब्रोझने वजनं टांगली, लंबकाला हलकेच धक्का दिला.

टक्... टक्... टक्...

छोट्याशा घरात तो आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून राहिला. हेस्टरने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याच्या कोटाला चिखल लागला होता, तिच्याही गालाला लागला.

“जेवून जाल ना, बाबा?” नेडने भीत भीत विचारलं.

“वाढ तर खरं,” अम्ब्रोझ म्हणाला, आणि पेंढ्यावरच मांडी घालून बसला.

उतरताना रस्त्यात जमीनदाराचा माणूस भेटला. रिकाम्या गाडीकडे बघून त्याने विचारलं, “अहो, घड्याळ कुठाय? तिकडे सगळे वाट बघतायत.”

“ते पोचलं,” अम्ब्रोझ म्हणाला, “आपल्या घरी.” आणि त्याने बैलांना हाक दिली.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: कुणाला प्रेमाने काही द्यायचं असेल, तर आपला मोठेपणा बघू नये, त्याच्या घराचं दार आणि छप्पर बघावं.