कुंचल्याचं टोक

एका गावात एक केकवाली मावशी राहत होती. होती एकटीच, पण नाताळ जवळ आला की गावातली सगळी पोरं तिच्या भट्टीपाशी जमायची. मावशी वाटीएवढे छोटे केक भाजायची, त्यांवर साखरेचा पांढरा लेप द्यायची, आणि वरची फुलं-पानं काढायचं काम पोरांचं. कुणाचं फूल भोपळ्यासारखं व्हायचं, कुणाचं पान थेट नाकासारखं. तरी नाताळच्या सकाळी तेच केक घरोघरी कौतुकानं खाल्ले जायचे.

रंग मावशी घरीच करायची. बिटाचा लाल, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा. लाल-पिवळा झकास उठायचा, हिरवा मात्र वाळला की मळकट दिसायचा. इतक्या वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी वेशीपाशी दुसरी भट्टी सुरू झाली. तिथल्या केकवर म्हणे चकचकीत पोपटी पानं होती. "काय हो मावशी, तुमची पानं यंदाही सुकलेलीच का?" विहिरीवर कुणीतरी हसत विचारलं. विचारणारी घरी जाईपर्यंत विसरूनही गेली. मावशीच्या मात्र ते फार जिव्हारी लागलं.

ती तडक खेळणी रंगवणाऱ्याकडे गेली. त्याच्या लाकडी पोपटांचा हिरवा रंग कसा लखलखायचा!

"कशाला हवाय?" त्यानं विचारलं. "विषारी आहे हं तो. पोटात जाता कामा नये."

"दाराच्या तोरणाला लावायचाय," मावशी म्हणाली.

घरी येताना तिनं मनाची समजूत घातली. एका केकवर रंग तो कितीसा लागणार, मोहरीएवढा! तेवढ्यानं कुणाला काय होतंय? मनाचं असंच असतं, आपल्याला हवं ते उत्तर ते लगेच काढून देतं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच पोरं जमली. त्यांत विणकराची सात वर्षांची मुलगी होती. मावशीचा तिच्यावर फार जीव. बाकीची पोरं बोटांनी रंग फासायची, ही तेवढी कुंचल्यानं पानाच्या शिरासुद्धा काढायची. "कुंचला ओठांत धरायचा, जिभेनं टोक काढायचं, मग रेघ केसासारखी येते," हे मावशीनंच तिला शिकवलं होतं. म्हणून हिरव्या रंगाची वाटी मावशीनं खास तिच्याच हाती दिली.

मुलीनं एक पान काढलं. मग शिकवल्याप्रमाणे कुंचला ओठांत धरला.

मावशीच्या काळजात चर्र झालं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! 'थांब' म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण थांब म्हटलं की पोरं विचारणार, का? घरी जाऊन सांगणार. गावभर छी-थू होणार. एवढं एक पान होऊ दे, मग काहीतरी निमित्तानं कुंचला काढून घेऊ, असं म्हणत ती बघत राहिली. एक पान झालं, दुसरं झालं. केक चाळीस होते.

"मावशी, बघा ना, अगदी खरं वाटतंय की नाही?" मुलीनं विचारलं. तिचे ओठ हिरवे झाले होते.

"छान गं," मावशी म्हणाली.

दुपारी घरी गेल्यावर मुलगी पोट धरून लोळायला लागली. तिला उलट्या झाल्या. आईनं तिचं तोंड धुतलं, वैद्यबुवांना बोलावलं. मावशीही धावत आली.

"आज काय काय खाल्लंस, बाळ?" वैद्यबुवांनी विचारलं.

"काहीच नाही. सजवताना केक खायचा नाही, असं मावशींनी सांगितलंय. मी एकपण नाही खाल्ला."

वैद्यबुवांनी ओव्याचं पाणी दिलं, पोट शेकायला सांगितलं. "पोटात नक्की काय गेलंय ते कळलं असतं, तर उतारा देता आला असता," ते म्हणाले.

मावशी उंबऱ्यात उभी होती. मुलीची आई तिला म्हणाली, "मावशी, बसा ना हो तिच्याजवळ. तुमचंच नाव घेतेय." मावशी बसली. तिनं मुलीचा हात हातात घेतला. शब्द ओठांपर्यंत आले आणि परत गेले.

दिवेलागण झाली आणि मुलीचे हात गार पडू लागले. तेव्हा कुठे मावशी रडत रडत सगळं बोलली. वैद्यबुवा धावत जाऊन उतारा घेऊन आले, पण आता तो मुलीला गिळता येईना.

"दुपारी बोलला असतात तर..." एवढंच म्हणून ते थांबले.

नाताळच्या दिवशी गावानं विणकराच्या मुलीला मूठमाती दिली. मावशीनं परसात खड्डा खणून ते चाळीस केक पुरले. एकेका पानाच्या शिरा किती नाजूक काढल्या होत्या, ते तिला तेव्हा नीट दिसलं.

मावशीला गावानं हाकललं नाही, पण तिच्या भट्टीवर पुन्हा कुणी पोर आलं नाही. विणकराची बायको रोज पाण्याला तिच्या दारावरून जायची, आणि मावशी रोज दारात येऊन म्हणायची, "माझं चुकलं गं." आता ते बोलायची तिला कसलीच भीती वाटत नव्हती. मुलीची आई न थांबता पुढे जायची.

तात्पर्य: आपलं चुकलं हे ज्या क्षणी कळेल, त्याच क्षणी बोलावं. लाजेपायी लांबवलेलं खरं पुढे नुसतं रडण्यापुरतं उरतं.