पेडलखालचा ठोकळा

घाटाच्या पायथ्याशी एके काळी एक वृद्ध कारागीर आपली कार्यशाळा चालवीत असे. जुन्या काळच्या शर्यतीच्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती तो घडवी. दोघांपुरत्या, छत नसलेल्या, फायबरच्या अंगाच्या, अगदी हलक्या गाड्या. त्याच्याकडे एक तरुण शिष्या होती. अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेली, हाताची नीटस, पण स्वभावाने फार भित्री. पाना फरशीवर पडला तरी दचकायची. आणि कार्यशाळेचा रिवाज असा, की जो गाडी जुळवील त्यानेच ती प्रथम घाटात चालवून आणायची. मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती जायची.

तिने एकटीने जुळवलेली पहिली गाडी एका व्यापाऱ्याची होती. वृद्धाने लहान इंजिन सुचवले होते, पण व्यापाऱ्याने हट्टाने तिप्पट ताकदीचे बसवून घेतले. त्या सकाळी तो गाडी न्यायलाच आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत शिष्या पहिल्याच वळणावरून माघारी आली, तीही गाडी अगदी सावकाश चालवीत. चेहरा पांढराफटक.

"अण्णा, इंजिन काही मोठं नाही हो," व्यापारी हसून म्हणाला, "तुमच्या पोरीचं काळीज लहान आहे!"

शिष्येने मान खाली घातली. हे काम आपल्यासारखीचे नव्हेच. संध्याकाळी अण्णांना तसे सांगून टाकायचे आणि निघून जायचे, असे तिने तिथेच मनाशी ठरवले.

वृद्ध मात्र कोपऱ्यातल्या लाकडांकडे गेला. त्याने लाकडाचा एक ठोकळा घेतला आणि गाडीच्या अॅक्सिलरेटरखाली पक्का बसवला, असा की पेडल निम्मे दाबताच त्याला टेकावे. मग यंत्राचे दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात हे पाहायला कारागीर जो निळा रंग लावतात, तो त्याने ठोकळ्यावर बोटाने फासला. शिष्या नुसती बघत राहिली. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे, तिला उमगेना.

"शेठ, गाडी तुमची. तुम्हीच घाटातून फिरवून आणा. ठोकळा आड आला तर सांगा, लगेच काढतो."

"आड येणारच की! घाटात वरच काढून फेकून देतो बघा."

व्यापारी परतला तो घामाने थबथबलेला आणि आनंदाने फुललेला. "काय ताकद आहे अण्णा! पाठ नुसती सीटला चिकटते!"

"ठोकळा लागला का?"

"लागलाच असेल. कोण बघतंय खाली?"

वृद्धाने शिष्येला खूण केली. तिने वाकून पाहिले. निळा रंग सायीसारखा जसाच्या तसा होता. पेडलला त्याचा कणही लागला नव्हता.

व्यापारी ओशाळला. "घाटात कोण पूर्ण दाबणार? मरायचंय का?"

"तेच म्हणतो मी. आता तिच्याबरोबर त्या गाडीतून जाऊन या."

शेजारी त्याच घडणीची, लहान इंजिनाची गाडी उभी होती. तिचा ठोकळा वृद्धाने पार तळाशी बसवून रंगवला. शिष्या स्टिअरिंगमागे बसली, शेजारी व्यापाऱ्याने दार घट्ट धरले होते. पहिले वळण आले तशी तिने जीव मुठीत धरून स्टिअरिंग फिरवले, आणि गाडीचे नाक त्याच क्षणी वळले. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्यातून बाहेर पडताना समोर मोकळा चढ दिसला आणि तिचा पाय आपोआप खाली गेला, तळापर्यंत. लहानगे इंजिन जिवाच्या आकांताने गाऊ लागले. "अगं, हळू!" व्यापारी ओरडला, आणि लगेच, "नको, राहू दे, राहू दे!"

खाली आल्यावर पेडल निळे झालेले दिसले.

"शेठ," वृद्ध शांतपणे म्हणाला, "ही गाडी ज्यांनी पहिल्यांदा घडवली, त्यांनी ताकद वाढवण्याआधी वजन काढलं. आपण तिचा नुसता आकार उतरवला आणि हलकेपणा सोडून दिला, तर प्रतिकृती कशाची केली? जेवढी ताकद पूर्ण वापरता येते तेवढीच तुमची. उरलेली तुम्ही घाटभर वाहून नेलीत आणि वाहून आणलीत." मग तो शिष्येकडे वळला. "सकाळी का परत फिरलीस?"

"घाबरले."

"ते दिसलं. कशाला?"

ती चाचरली. "स्टिअरिंग फिरवलं... आणि क्षणभर गाडी सरळच गेली. मोठ्या इंजिनाचा पुढचा भार ओढत होता."

"मग हे सकाळी का नाही बोललीस? भीती कुणाला नसते? तुझी भीती खरं सांगत होती, आणि तूच तिला गप्प केलंस. उद्या शेठ दरीत गेले असते म्हणजे?"

व्यापारी आपल्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग खाकरून म्हणाला, "मोठं काढा. लहान बसवा. आणि पोरी, सकाळचं मनावर घेऊ नकोस."

संध्याकाळ झाली. शिष्या मोठ्या इंजिनाचे बोल्ट सैल करीत होती. हात पुसून ती वृद्धासमोर येऊन उभी राहिली. जायचे आहे हे सांगण्याची ती वेळ होती. तिचा आवाज अजून थोडा कापत होता.

"अण्णा, एक सांगू? चुकतही असेन. ब्रेक दाबला की ती लहान गाडी जरा डावीकडे ओढते. मला भीती वाटली."

वृद्धाने चष्मा लावला आणि उठला. "चल, बघू."