मोडक्या गाडीची दक्षिणा

"...पण महाराज, न्याय्य भरपाई म्हणजे नेमकी किती?"

सोमगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला आणि एक नेवसे मास्तरांच्या तळहातावर ठेवला.

"तू किती म्हणतोस?"

मास्तर या प्रश्नाची वाटच पाहत होते. ते मांडी सावरून बसले.

"साडेचार लाख. आणि गाडीही मलाच."

महाराजांनी दुसरी शेंग घेतली.

भालचंद्र नेवसे म्हणजे पिंपळदरीचे ड्रायव्हिंग स्कूलवाले. तालुक्यात ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याने कधी ना कधी नेवसे मास्तरांचा ओरडा खाल्लेला असायचाच. मास्तरांना याचा अभिमान होता आणि तो लपवून ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्याकडे एकच पांढरी गाडी होती. शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लच, मास्तरांच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच. त्या गाडीवर शाळा चालायची आणि शाळेवर घर.

आता ती गाडी घरामागच्या अंगणात चेपून पडली होती.

झाले होते असे. बाजाराच्या दिवशी मास्तरांनी गाडी उतारावर लावली आणि समोरच्या हॉटेलात चहाला बसले. फरश्यांनी भरलेला एक टेम्पो त्याच उतारावर, वरच्या अंगाला येऊन थांबला. टेम्पोवाला पान खायला उतरला. टेम्पो त्याच्यासाठी थांबला नाही. गाडी टेम्पो आणि दगडी भिंत यांच्यामध्ये सापडली. माणूस एकही दुखावला नाही, एवढे देवाचे उपकार.

"टेम्पोवाल्याने हँडब्रेक ओढला नव्हता?" महाराजांनी विचारले.

"नाही."

"गाडी चालवायला शिकला कुठे?"

मास्तरांनी शेंगांच्या टोपलीकडे पाहिले...

"माझ्याकडेच," ते म्हणाले.

महाराज हसले. मग मलाही शिष्यांपासून जरा जपूनच राहायला हवे, असे म्हणून पुन्हा हसले. मास्तरांना हसू आले नाही. हा विनोद गावात त्यांना रोज कोणी ना कोणी ऐकवत होते.

मग त्यांनी सगळे गाऱ्हाणे सविस्तर सांगितले. विमा कंपनीने गाडी 'टोटल लॉस' ठरवली, म्हणजे दुरुस्तीत अर्थ नाही. विम्यात गाडीची किंमत तीन लाख लिहिलेली. पण कंपनी म्हणते, मोडका सांगाडाच एक लाख वीस हजारांचा आहे. तो तुम्ही ठेवा, आम्ही वरचे एक लाख ऐंशी हजार देतो. भंगारवाला तर पन्नास हजारांच्या वर बोलायला तयार नाही. एक लाख ऐंशीत शिकवण्याजोगी दुसरी गाडी येत नाही. गाडी आली नाही तर शाळा बंद, आणि या वयात मास्तरांना दुसरे काही येत नव्हते.

"विम्यातली तीन लाख किंमत कोणी ठरवली?"

"विमा काढताना... मीच मान्य केली."

"तेव्हा कमी वाटली नाही?"

"जास्त लावली असती तर हप्ता वाढला असता ना, महाराज."

"मग वरचे दीड लाख कशाचे?"

"मायेचे," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच जड झाला. "सात वर्षं लेकरासारखी सांभाळलीय तिला."

महाराजांनी मान डोलावली.

"मायेचा हप्ता भरला होतास?"

...

खाली घाटात एका एस.टी.ने हॉर्न दिला. मास्तरांनी हातातला दाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसले. चावण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते.

"बरं, मायेचे राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "तीन लाख तरी? सांगाड्याचे एवढे पैसे कापतात, हा अन्याय नाही?"

"आहे."

मास्तरांचा चेहरा उजळला. महाराजांच्या तोंडून इतका सरळ होकार त्यांनी अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

"चल," महाराज शेंगांची टोपली उचलत म्हणाले, "गाडी दाखव."

मास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून महाराज घाट उतरले. एका हातात टोपली, दुसरा मास्तरांच्या खांद्यावर. प्रत्येक वळणावर त्यांनी आनंदाने "हॉर्न" असे सांगितले आणि मास्तरांनी प्रत्येक वळणावर हॉर्न आधीच दिलेला होता. गुरू असले म्हणून काय झाले, रस्त्यावर मास्तर कोणाचे ऐकत नसत.

अंगणात मास्तरांच्या पत्नी रत्नमालाबाई पापडाचे पीठ कुटत होत्या. त्या उठल्या, पाया पडल्या आणि गाडीकडे हात करून बाजूला झाल्या.

गाडीच्या नाकाला झेंडूचा वाळका हार होता. चेपलेल्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक होते. ते मधोमध दुमडले गेल्यामुळे त्याचे दोन हात दिसत होते, दोन आत गेले होते. चाकांशी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या.

"हे काय?"

"दसऱ्याची पूजा," मास्तर म्हणाले. "मोडली म्हणून काय झालं. सात वर्षं तिची पूजा चुकवली नाही."

"आणि कंपनीचा माणूस कधी आला होता?"

मास्तर वाळका हार सारखा करू लागले.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी," रत्नमालाबाईंनी सांगून टाकले. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी बाकीचेही सांगितले. तो सर्व्हेअर तरुण होता, बोलायला फार गोड. गाडीभोवती फिरला, फोटो काढले. हाराकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, काका, गाडी तुम्हीच ठेवणार ना? तर हे छाती काढून म्हणाले, जीव गेला तरी देणार नाही. बाईंनी तेव्हा मागून सदरा ओढला होता. यांना वाटले, माशी बसली.

महाराज इतके हसले की त्यांना खोकला लागला. रत्नमालाबाईंनी पाणी आणून दिले. मास्तर तेवढा वेळ आपल्या गाडीच्या फुटक्या दिव्याकडे पाहत उभे राहिले. आपण स्वतःच्याच तोंडाने सांगाड्याचा भाव चढवून दिला, हे त्यांना आता कळले होते. ते कळल्याने वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याने राग आला, आणि राग काढायला समोर फक्त गुरू आणि बायको होते. म्हणून त्यांनी तो गिळला.

महाराज पाणी प्यायले आणि त्यांनी डावीकडचे दार ओढून पाहिले. ते उघडले. महाराज आत, मास्तरांच्या जागेवर जाऊन बसले. पायाने मास्तरांचा ब्रेक दाबून पाहिला...

"मास्तर."

"जी."

"माझ्याकडे किती वर्षं येतोस?"

"अकरा."

"मी कधी काही मागितलं?"

"कधीच नाही, महाराज."

"आज मागतो. दक्षिणा दे."

मास्तरांनी हात जोडले. हात जोडताना त्यांना धन्य वाटले. काय मागाल ते देईन, असे ते म्हणालेसुद्धा.

"ही गाडी," महाराज म्हणाले.

...

मास्तरांनी बायकोकडे पाहिले. बाईंनी आभाळाकडे पाहिले.

"महाराज, ही तर मोडकी आहे."

"मग द्यायला सोपी."

"नवी आली की पहिल्यांदा मठातच आणीन. तुम्हाला हवं तिथे..."

"ही."

या गाडीत त्यांनी घाबरट पोरी तयार केल्या होत्या, आगाऊ पोरे सरळ केली होती, एका रिटायर्ड हेडमास्तरांना साठीनंतर रिव्हर्स शिकवला होता. साडेचार लाखही तिच्यापुढे कमी होते. आणि आता हा म्हातारा शेंगा खात तिच्यात बसून ती फुकट मागत होता.

"दिवाळीनंतर दिली तर?" त्यांनी हळूच विचारले.

महाराज नुसते बसून राहिले, आणि काचेच्या जागी जिथे आता काच नव्हती, तिथून समोरच्या तुळशीकडे पाहत राहिले.

...

"दिली," मास्तर म्हणाले.

"आता कुणाची?"

"तुमची."

"नक्की?"

मास्तरांनी डोळे पुसले. "नक्की."

"छान," म्हणत महाराज गाडीतून उतरले. "मग ही मी कंपनीला दिली."

"कंपनीला? फुकट?"

"फुकट कशाला? त्यांनीच लावलेल्या किमतीला. एक लाख वीस हजारांची वस्तू आहे म्हणतात ना? मग घेऊन जाऊ देत. तू तुझे तीन लाख माग."

मास्तर तोंड उघडे ठेवून उभे राहिले. रत्नमालाबाई पटकन चहा ठेवायला आत गेल्या आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. बाईंना असे मोकळे हसताना मास्तरांनी अपघातानंतर ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कंपनीला कळवले की सांगाडा नको, तुमचा तुम्ही न्या आणि विम्याची पूर्ण रक्कम द्या.

सर्व्हेअरचा लगेच फोन आला. काका, तुम्ही तर गाडी ठेवणार होता.

"गाडी आता माझी नाही," मास्तर म्हणाले.

"मग कोणाची?"

"महाराजांची होती. आता तुमची."

साहेबांना विचारून सांगतो, असे म्हणून सर्व्हेअरने फोन ठेवला. असे उत्तर त्यांच्या ऑफिसात याआधी कोणी दिले नसावे. कागदावर गाडी अजून मास्तरांच्याच नावावर होती, हे खरे. पण दिलेली दक्षिणा परत घेणारा माणूस पिंपळदरीत अजून जन्मला नव्हता, आणि तो मान मास्तरांना स्वतःकडे नको होता.

मग गंमत सुरू झाली. दोन दिवसांनी कंपनी म्हणाली, पुन्हा पाहिले, सांगाडा ऐंशी हजारांचाच दिसतो, तुम्हीच ठेवा. मास्तर नको म्हणाले. पुढच्या आठवड्यात तो साठ हजारांचा झाला. अंगणात पडल्या पडल्या गाडी स्वस्त होत चालली होती, आणि तिला कोणी हातही लावला नव्हता.

मग तो पन्नासचा झाला.

त्या संध्याकाळी मास्तर अंगणात गेले. पन्नास म्हणजे भंगारवाल्याचा भाव, म्हणजे रास्त भाव. आता हो म्हटले तर नुकसान नव्हते. गाडी राहिली असती, पडवीत झाकून ठेवता आली असती, पुढच्या दसऱ्याला हार घालता आला असता. त्यांनी तिच्या टपावर हात ठेवला. मग त्यांच्या लक्षात आले की आपण दुसऱ्याच्या गाडीला हात लावतो आहोत. त्यांनी हात काढून घेतला.

सकाळी त्यांनी सर्व्हेअरला फोन केला. "इतकी स्वस्त झाली असेल," ते शांतपणे म्हणाले, "तर तुम्हालाच परवडेल."

तीन लाख मंजूर झाले. नियमाची किरकोळ वजावट होती, ती मास्तरांनी कुरकुर न करता सोसली. पैसे खात्यात आले त्या दिवशी रत्नमालाबाईंनी पुरणपोळ्या केल्या. शिकवणीला साजेशी एक गाडी मास्तरांनी शेजारच्या तालुक्यात आधीच हेरून ठेवली होती. शाळेची पाटी पुन्हा धुऊन दाराला लागली.

मग क्रेन आली.

गाडी न्यायला क्रेन येणार हे कसे कोण जाणे, पण सगळ्या गावाला कळले होते. मास्तरांचे जुने विद्यार्थी जमले आणि क्रेनवाल्याला सूचना देऊ लागले. आरसा बघ, घाई करू नको, क्लच अर्धा, असे मास्तरांचेच शब्द मास्तरांच्याच आवाजात चारी बाजूंनी येत होते. बिचारा क्रेनवाला घामाघूम झाला. तो फरश्यांचा टेम्पोवालाही आला होता. त्याने कोणाला न सांगता क्रेनच्या चारही चाकांना दगड लावले आणि मग आपण केलेले काम बरोबर आहे का, हे पाहायला मास्तरांकडे बघितले. मास्तरांनी मान हलवली. त्याला मिठीच मारावी असे त्यांना वाटले, आणि त्यांनी ती मारली.

महाराज घाट उतरून आले होते. हातात शेंगांची पुडी होती.

साखळी ताणली. गाडी एकदा कण्हली आणि जमिनीवरून उचलली गेली. खाली सुकलेल्या गवताचा पांढरा चौकोन उरला.

मास्तरांचे डोळे भरून आले. आपण रडणार, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी रुमाल काढला. पण रडू आलेच नाही. पोटातून काहीतरी वर आले ते हसूच होते. भर अंगणात, सगळ्या गावासमोर नेवसे मास्तर खदखदून हसू लागले. ते हसतात हे पाहून बाकीचेही हसले.

क्रेन फाटकातून बाहेर पडली आणि घाटाच्या रस्त्याला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत मास्तर पाहत राहिले. मग ते महाराजांजवळ आले. आपला आवाज त्यांना लहान मुलासारखा वाटला, पण त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"महाराज, एक विचारू?"

"विचार."

"गाडी मी तुम्हाला दिली होती. तिथेच माझी संपली. मग आज गेली ती तुमची. बरोबर?"

"बरोबर."

"मग एवढं हलकं मला का वाटतंय?"

महाराजांनी शेंग फोडली. रिकाम्या रस्त्याकडे पाहिले...

"ते क्रेनवाल्याला विचार."